देवळ्याला समुद्र नाही

देवळ्याला समुद्र नाही. हे मी काही नवीन सांगतोय अशातला भाग नाही. तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, समुद्राचं राहू द्या भाऊसाहेब, आधी विहिरीचं बोला. आमच्याकडे पाण्याचे प्रकार मोजकेच. पावसाचं पाणी, विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी, चणकापूरच्या आवर्तनाचं पाणी, शेततळ्याचं पाणी, टँकरचं पाणी आणि कांद्याचा भाव ऐकल्यावर डोळ्यांत येतं ते पाणी. यांतल्या कशावरही आजवर होडी चाललेली नाही. बालवाडीतल्या तक्त्यावर ‘ज जहाजाचा’ असतो, तेवढीच आमची आणि जहाजाची ओळख. पुढं तो ज जप्तीचा होतो आणि मग आमच्या बँकेत येतो.

तसं पाहिलं तर देवळ्याचं समुद्राशी नातं आहे, पण ते मामेसासऱ्याच्या साडूसारखं लांबचं आहे. लोहोणेरजवळून आमची गिरणा जाते. ती मालेगाव तालुक्यातून खानदेशात उतरते, तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे माझ्या अंगणात पडलेला पावसाचा थेंब, वाटेतल्या धरणांनी आणि मोटारींनी त्याला जाऊ दिलं तर, शेवटी अरबी समुद्रातच जायचा. पण त्याला तसं कोणी जाऊ देत नाही, हा भाग वेगळा.

अशा गावच्या बँकेत बसून मी हिवाळ्यातल्या समुद्राचा आणि त्यावरच्या वल्ह्यांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा आमच्या हेडकॅशियरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “का हो, कुणी नावाडी कर्ज मागायला आला होता काय?”

नावाडी आला नव्हता. मी बी.कॉम. माणूस. पण वीस वर्षं खतावण्या आणि ताळेबंद पाहिल्यावर एक खोड जडते. एखाद्या धंद्यात माल विकलेला दिसतो, नफा दिसतो, मालकाचा फोटोसुद्धा दिसतो, पण मजुरीचा खर्च कुठंच दिसत नाही, असं झालं की कारकुनाची झोप उडते. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास वाचताना माझं तसंच झालं. किल्ले दिसतात, तोफा दिसतात, सरखेल दिसतात. जहाज हलवलं कोणी, ते दिसत नाही. वाऱ्यानं हलवलं म्हणावं, तर वारा काही चोवीस तास हजर नसतो.

आम्हा देशावरच्या लोकांचा इतिहास घोड्यावरून चालतो, त्याला आमचा नाइलाज आहे. शिवकाल आमच्या दारात आला तो घोड्यावरूनच. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून परत निघाले. बऱ्हाणपुराकडून आलेल्या दाऊदखानानं त्यांना गाठलं आणि आमच्याच या सातमाळ्याच्या रांगेत, कांचनबारीला, १७ ऑक्टोबरला लढाई जुंपली. वणी-दिंडोरीची लढाई म्हणून पुस्तकात आहे ती हीच. मराठ्यांनी मोगलांचा मोकळ्या मैदानात पराभव केला आणि सुरतेचा ऐवज सुखरूप पुढं नेला. आजही भावडबारीचा घाट उतरताना एखादा वडीलधारा शेजारी बसला असला की डोंगराकडं बोट करून सांगतो, “तिकडं बघा, तिकडून घोडी आली.” तिकडून वल्ही आली असं कोण म्हणणार? चौकातले पुतळे पाहा. घोड्यावर बसलेले आहेत, तलवार उपसलेले आहेत. हातात वल्हं धरलेला पुतळा मी तरी अजून पाहिलेला नाही.

वल्ह्याची गोष्ट मला कळली ती लग्नामुळं. लग्नामुळं माणसाला बऱ्याच गोष्टी कळतात, त्यांतली ही जरा सुखाची. माझी सासुरवाडी अलिबागकडची. तिकडच्या मंडळींना नाशिक जिल्हा म्हटला की द्राक्षं, कांदा आणि कुंभमेळा एवढंच ठाऊक. आमच्या घरात पाण्याचा हंडा झाकून ठेवतात आणि त्यांच्या घरात पाणी झाकून ठेवण्याची कल्पनाच नाही, त्यावरून पहिली दोन वर्षं आमचे मतभेद झाले. पण डिसेंबरात चार दिवस रजा टाकून थळच्या किनाऱ्यावर बसण्यासारखं सुख नाही. समोर पाण्यात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. नावं ऐकून एखाद्या जुळ्या बहिणींची वाटतात. त्यांचं आपसांत किती पटलं, ते पुढं येईलच.

तिथं किनाऱ्यावर एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसायचे. त्यांनी मला समुद्राचं कॅलेंडर समजावून सांगितलं. पावसाळ्यात दर्या बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या उघडला. पण खरी सुगी हिवाळ्याची. तेव्हा पाणी शांत असतं आणि वाऱ्याला वेळापत्रक असतं. दुपारी समुद्राकडून जमिनीकडं, रात्री जमिनीकडून समुद्राकडं. आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे म्हणून पाठ केलं आणि पाच गुण घेऊन विसरलो, तेच हे वारे. “पण जावईबापू,” तांडेल म्हणाले, “एक वारा जातो न् दुसरा यायचा असतो, त्या मधल्या वेळात दर्या तेलासारखा पडून राहतो. तेव्हा शीड म्हणजे दोरीवरचं धोतर.”

हे मला लगेच पटलं, कारण बँकेत आमचाही वारा पडतो. त्याला सर्व्हर डाउन म्हणतात. एवढी मोठी शाखा, वातानुकूलित केबिन, भिंतीवर धोरणं, दारात बंदूकवाला, पण सर्व्हर पडला की सारं गलबत जागच्या जागी. मॅनेजर बाहेर येऊन छताकडं पाहतात, जणू सर्व्हर पंख्यात अडकलाय. अशा वेळी काम पुढं सरकतं ते आमच्या शिपाईमामांच्या पायांनी. ते कागद घेऊन सायकलवरून शेजारच्या शाखेत जाऊन येतात. वार्षिक अहवालात सर्व्हरचा खर्च असतो, त्याच्या तंत्रज्ञानाचं कौतुक असतं. मामांच्या सायकलीचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

तर समुद्रावरची ही सायकल म्हणजे वल्हं.

मराठी आरमारात मुख्य जहाजं दोन प्रकारची. एक गुराब, दुसरं गलबत. गुराब मोठी. तिला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत लहान, हलकं आणि चपळ. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं गलबतांचं वर्णन करून ठेवलंय. ४० ते ५० दणकट वल्ही आणि तासाला चार मैल वेग. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर. तुम्ही म्हणाल, हा काय वेग झाला? देवळ्याच्या बाजारात सोमवारी ट्रॅक्टरच्या मागं सापडलेली मोटारसायकलसुद्धा याहून बरी चालते. पण समोरचं जहाज शून्य मैलांनी चाललेलं असताना चार मैल हा भयंकर वेग असतो.

वारा पडला की गलबतं दोर बांधून गुराबांना ओढत नेत. शत्रूचं मोठं शिडाचं जहाज आपली शिडं लोंबकळत ठेवून वाट पाहत उभं असे. त्याच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असत आणि तोंड फिरवायला वारा हवा असे. मराठे वल्हवत त्याच्या पाठीमागं येत, तिथून नाळेवरच्या तोफा डागत. पंचवीस पैलवान खुर्चीत बांधून ठेवावेत आणि मागून चिमटे काढावेत, तसा हा प्रकार.

हे सगळं योगायोगानं जमलं असं समजू नका. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराचं एक प्रकरण आहे. बँकेतल्या माणसानं ते जरूर वाचावं, कारण परिपत्रक कसं असावं हे त्यावरून कळतं. त्यात पंतांनी बजावलंय की जहाजं फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत. आणि जी मोठी जहाजं वाऱ्याशिवाय कामाची नाहीत, ती बांधण्याचं कारणच नाही. पंत राजकारणातले, मुलकी कामातले आणि किल्ल्यांच्या वेढ्यातले गृहस्थ, पण हिवाळ्यातल्या सकाळचा पडलेला वारा त्यांनी हिशेबात धरला होता.

शिवाय पंतांनी संख्या दिली आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून आरमाराचा एक सुभा. मी लगेच पेन्सिल काढली. ऑर्मसाहेबाचा कमीत कमी आकडा धरला, तरी पंधरा गलबतांना ४० प्रमाणे ६०० वल्ही झाली. एका सुभ्याला ६०० वल्ही! आता या लोकांचा पगार कशातून द्यायचा? पंत म्हणतात, आरमाराची नेमणूक मुलखाच्या उत्पन्नातून ठरवून द्यावी, दर्यावर जी कमाई होईल तिच्यावर अवलंबून ठेवू नये. तसं केलं तर सावकारांना, व्यापाऱ्यांना उपद्रव होईल आणि बंदरं बुडतील. वाचकहो, मला तर टाळी वाजवावीशी वाटली. वसुलीवर पगार ठेवला की वसुली कशी होते, हे आमच्या शाखेतल्या कुणालाही विचारा.

जहाजासाठी लाकूड हवं, तर रयतेची आंब्याफणसाची झाडं हात लावू नयेत, जीर्ण झालेलं झाड तोडायचंच तर मालकाला राजी करून, मोल देऊन तोडावं, हेही त्याच प्रकरणात आहे. म्हणजे झाडाचा हिशेब झाला, पगाराचा झाला, जहाजाच्या मापाचा झाला. एवढ्या बारकाईनं लिहिणाऱ्या राज्याला वल्हं कळत होतं, यात मला शंका नाही.

आता ती दोन बेटं.

१६७९ चा पावसाळा सरत आला होता. मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. खांदेरीवर किल्ला म्हणजे मुंबई बंदराच्या दारात पाट टाकून बसल्यासारखं. येणाऱ्या-जाणाऱ्याची मोजदाद तिथून व्हायची. त्यांनी जहाजं पाठवली आणि आधी निरोप धाडला की बेट आमचं आहे, तुम्ही निघा. मायनाकनं सांगितलं की राजाच्या हुकुमाशिवाय हलणार नाही. सरकारी माणसानं देण्यासारखं याहून चांगलं उत्तर नाही. सप्टेंबरात थॉर्प नावाच्या लेफ्टनंटानं वरिष्ठांचा हुकूम नसताना बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला.

मग १८ ऑक्टोबरचा दिवस उजाडला. उजाडला म्हणजे अगदी तेवढाच, पहाट होती. इंग्रज जहाजं खांदेरीच्या उत्तरेला नांगर टाकून उभी. चौलच्या बाजूनं दौलतखानाची ४० हून अधिक गलबतं नाळेवरच्या तोफा डागत चाल करून आली, आणि इतक्या झपाट्यानं आली की इंग्रजांना नांगर उचलायला धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत त्यांची ‘डोव्हर’ नावाची गुराब निशाण उतरवून मोकळी झाली. सार्जंट मॉलेव्हरर आणि गोरे शिपाई तिच्यासकट मराठ्यांच्या हाती लागले. दुसरी गुराब लांब राहिली. बाकीच्या लहान होड्या पळाल्या. मधोमध ‘रिव्हेंज’ एकटी उरली.

इथं कारकून म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रिव्हेंज पळाली नाही. तीवर केग्विन आणि मिंचिन हे दोन कप्तान होते. त्यांनी तोफांचा असा मारा केला की इंग्रजांच्या सांगण्याप्रमाणे मराठ्यांची पाच गलबतं बुडाली आणि उरलेली नागोठण्याच्या खाडीत परतली. मोठ्या तोफेपुढं नुसतं वल्हं चालत नाही, हे त्या दिवशी दिसलं. वाऱ्यावर असलेलं मोठं जहाज आणि वारा पडल्यावरचं मोठं जहाज ही दोन वेगळी जनावरं आहेत.

पण लढाई म्हणजे काही एक दिवसाचा सामना नसतो. खरी लढाई पुढं थंडीत झाली आणि तिच्यात फारसे तोफांचे आवाज नाहीत, म्हणून पुस्तकांत तिला जागा कमी. नोव्हेंबरात सिद्दीचं आरमार येऊन इंग्रजांना मिळालं. बेटाभोवती दिवसभर पहारा. आणि रात्री किनाऱ्यावरून मराठ्यांच्या लहान चिंचोळ्या होड्या निघत, अंधारात पहाऱ्यातून सरकत आणि बेटावर दाणागोटा, माणसं, दारूगोळा उतरवून उजाडायच्या आत परत येत. इंग्रजांनी आपल्याच पत्रांतून तक्रार केली आहे की या होड्या आमच्या जहाजांच्या हाती लागत नाहीत. आमची जहाजं वळेपर्यंत त्या दिसेनाशा होतात.

जरा डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरातली रात्र. अंगावर फार कपडे नाहीत, कारण ओले कपडे नसलेलेच बरे. पाण्यात वल्हं असं बुडवायचं की चुबुक आवाज होता कामा नये. खोकला आला तर गिळायचा. नावेत तांदळाची पोती, चुना आणि दोनचार बोलके लोक, ज्यांना गप्प बसवण्याचं काम वेगळंच. आपल्याला देवळ्यात थंडीत पहाटे मोटार सुरू करायला जायचं म्हटलं तरी आपण घरातल्यांना सांगून, कानटोपी घालून, दोनदा चहा पिऊन निघतो. हे लोक रात्रीमागून रात्र जात राहिले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजं मागं घेतली. खांदेरी मराठ्यांकडं राहिली. सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली आणि त्या जुळ्या बहिणी पुढं कित्येक वर्षं एकमेकींवर तोफा डागत बसल्या.

आता माझी कारकुनी अडचण सांगतो. या प्रकरणात मला केग्विन भेटला, मिंचिन भेटला, मारला गेलेला थॉर्प भेटला, निशाण उतरवणारा मॉलेव्हररसुद्धा नावानिशी भेटला. आपल्या बाजूचे दौलतखान आणि मायनाक भंडारी भेटले. पण ज्यांच्या दंडांवर बेट जगलं, त्यांतलं एक नाव या हकिकतींत मला मिळालं नाही. कोळी होते, भंडारी होते, एवढ्यावर भागवायचं. आमच्या बँकेत ज्यानं कर्ज बुडवलं त्याचं नाव, वडलांचं नाव, आजोबांचं नाव आणि गट नंबर एवढं सगळं असतं. जो वेळेवर हप्ता भरतो त्याला आम्ही चेहऱ्यानंसुद्धा ओळखत नाही. इतिहासाचंही तसंच दिसतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. युरोपात ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ग्रीसजवळ लेपांटोला वल्ह्यांच्या जहाजांची शेवटची मोठी लढाई झाली. तुर्की जहाजांवर वल्ह्यांना जखडलेले हजारो ख्रिस्ती गुलाम त्या दिवशी सुटले. जिंकलेल्या सेनापतींची तैलचित्रं आहेत. सुटलेल्यांची मोजदाद आहे. नावांच्या बाबतीत तिथंही आनंदच.

पण आपल्याकडच्या वल्ह्याचा शेवट पाहिला की मला हसू येत नाही. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. मुलांमध्ये वाटण्या झाल्या, भांडणं झाली. विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्याचं आणि नानासाहेब पेशव्यांचं जमेना. तुळाजी काही गरीब गाय नव्हता. तो पेशव्यांना जुमानत नव्हता आणि कोकणपट्टीत त्याचा त्रासही होता. पण पुण्याच्या देशावरच्या राज्यानं त्यावर तोडगा काढला तो इंग्रजांना बरोबर घेण्याचा. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढं आले. हा तोच क्लाइव्ह. प्लासीला अजून सव्वा वर्ष होतं. थंडी संपत आलेली, समुद्र शांत. आंग्र्याचं आरमार बाहेर पडलं नाही, किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून उभं राहिलं. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. ते जहाज मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी धरलेलं. त्यानं पेट घेतला, आग शेजारच्या जहाजाला लागली, तिथून त्याच्या शेजारच्या. गुराबा गेल्या, गलबतं गेली. गलबतांबरोबर वल्हीही गेलीच. संध्याकाळी सुरू झालेली आग, रात्रीपर्यंत आरमार शिल्लक नव्हतं.

किल्ल्यात सुमारे १० लाखांचा ऐवज मिळाला. तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. पेशव्यांना त्याच वर्षी रिकामा विजयदुर्ग मिळाला आणि त्यासाठी बाणकोट सोडावं लागलं. पुढं धुळपांनी पेशव्यांचं आरमार विजयदुर्गावरूनच चालवलं, चांगलं चालवलं. पण पंतांनी ज्या वल्ह्यांचा पगार मुलखाच्या उत्पन्नातून बांधून द्यायला सांगितला होता, ती आपल्याच मुलखाच्या मदतीनं जळाली. घोड्यावर बसलेल्या माणसाला समुद्र हा प्रांत वाटत नाही, मुलखाची हद्द वाटते. हा आमचा देशावरचा दोष. तो बोलून दाखवायला सासुरवाडी अलिबागची असावी लागते असं नाही, पण असली तर बोलून दाखवणारं माणूस घरातच मिळतं. “तुमच्याच लोकांनी जाळलं,” असं सौ. मला आमटी वाढताना सांगते, जसा काही मी त्या दिवशी पेशव्यांच्या दफ्तरात ड्यूटीवर होतो.

तिला देण्यासारखं उत्तर मला २०१६ पर्यंत नव्हतं. मग ते अचानक मिळालं आणि तेसुद्धा शेजारच्या तालुक्यातून.

भावडबारी ओलांडली की चांदवड तालुका. आमच्यासारखाच कोरडा, किंबहुना टँकरच्या बाबतीत आमच्याहून मानाचा. त्यातलं तळेगाव रोही हे गाव. तिथला दत्तू भोकनळ. वडील विहिरी खोदायचे, मुलगाही त्यांच्याबरोबर खोदायचा. म्हणजे पाण्याशी ओळख होती, पण ती पाणी लागेपर्यंतच. पाणी लागलं की विहीर मालकाची. वडील गेल्यावर २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, बॉम्बे सॅपर्समध्ये, आणि तिथं पुण्याला त्याच्या हाती पहिल्यांदा वल्हं आलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं त्यानंच सांगितलंय. वाटणारच. चांदवडच्या माणसानं एका जागी एवढं पाणी पाहिलेलं असतं कुठं?

चार वर्षांनी हा गडी रिओच्या ऑलिंपिकमध्ये होता. एकेरी वल्हवण्याच्या शर्यतीत, आणि रिओला गेलेला तो भारताचा एकमेव वल्हेकरी. आता भूगोल पाहा. रिओतल्या शर्यती झाल्या त्या समुद्राला कालव्यानं जोडलेल्या, समुद्रकाठच्या खाऱ्या सरोवरात. महिना ऑगस्ट. पण विषुववृत्ताच्या पलीकडं ऑगस्टात हिवाळा असतो. म्हणजे खारं पाणी, किनारा, थंडीचा मोसम आणि वल्हं. खांदेरीचा सगळा सरंजाम तिथं हजर होता. वारा मात्र पडला नव्हता, उलट इतका सुटला होता की दुसऱ्या दिवशीच्या शर्यती पुढं ढकलाव्या लागल्या. पहिल्या दिवशी खवळलेल्या पाण्यात एक नाव उलटलीसुद्धा. आमचा गडी त्याच दिवशी आपल्या फेरीत तिसरा येऊन पुढं गेला. शेवटी त्यानं २००० मीटरचं अंतर ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत तोडलं आणि एकूण तेरावा आला. मी पुन्हा पेन्सिल काढली. ताशी सतरा किलोमीटरच्या वर! ऑर्मसाहेबाच्या पन्नास वल्ह्यांच्या गलबताला चांदवडच्या एका माणसानं पावणेतीन पटींनी मागं टाकलं. गलबतावर तोफा होत्या, हे मान्य. पण हिशेब तो हिशेब.

दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१८ रोजी, इंडोनेशियात पालेमबांगला एशियाडमध्ये चौघांच्या शर्यतीत भारतानं सुवर्णपदक मिळवलं. आदल्या दिवशी एकेरीच्या अंतिम फेरीत दत्तू आजारपणामुळं शेवटचा आला होता. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा नावेत बसला. नावेत होते स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. चारही नावं मुद्दाम लिहितो आहे. साडेतीनशे वर्षांची थकबाकी आहे, निदान चार नोंदी तरी जमेला पडू द्या.

या शर्यतीची एक गंमत मला फार आवडते. वल्हेकऱ्याची पाठ शेवटच्या रेषेकडं असते. कुठं पोचायचंय ते त्याला दिसत नाही, दिसतं ते फक्त मागं पडलेलं पाणी. हे हेडकॅशियरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग त्यात काय विशेष? मी एकतीस वर्षं असाच नोकरी करतोय.”

खांदेरीचं म्हणाल, तर बेटाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. २०१९ पासून नौदलात ‘खांदेरी’ नावाची पाणबुडी आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग सगळे आहेत. सौ.नं त्या दिवशी पुरणपोळी केली. मी म्हटलं, किल्ले यादीत गेले, वल्ह्यांचं काय? ती म्हणाली, गरम आहे तोवर जेवा.

आमच्या चिरंजीवांनी मात्र हे सारं मनावर घेतलं. दत्तू भोकनळ आपल्या शेजारचा, मग आपणही वल्हवायला काय हरकत आहे, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद. पण वल्हवायचं कुठं? गिरणेला पाणी आवर्तनापुरतं. विहिरीत होडी उभी राहील, चालणार नाही. शेवटी आमच्या एका खातेदाराच्या मळ्यात मोठं शेततळं आहे, डाळिंबासाठी केलेलं, तिथं विचारायला गेलो. मोठा दिलदार माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खांदेरी ऐकली, विजयदुर्ग जळाला तेव्हा चुकचुकले, रिओला तर मांडीवर थाप मारली. मग तळ्याकडं बघत जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “टाका भाऊसाहेब होडी. पोराला नाही म्हणत नाही. फक्त वल्हं तेवढं जपून मारायला सांगा. खाली प्लास्टिकचा कागद आहे, आणि त्याचा हप्ता तुमच्याच बँकेत चालू आहे.”